बर्फात पायी कूगरचा माग आणि शिकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक सिएटल-रेडमंडकडच्या मराठी मंडळींचे आहेत. काही पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांचेही आहेत, ज्यांच्या कानावर "तिकडे म्हणे वाघ मारायला परवानगी असते" एवढंच गेलेलं असतं. उत्तरं वॉशिंग्टन राज्य डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत, त्यातही कॅस्केड पर्वतांच्या पूर्वेकडचा मुलूख: ओकानोगन, मेथाऊचं खोरं, केटल रेंज आणि खाली आग्नेयेला ब्लू माउंटन्स. राज्य बदललं की नियम बदलतात, कधी कधी तर एकाच राज्यात वर्षागणिक बदलतात. म्हणून निघण्यापूर्वी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाची त्या हंगामाची पुस्तिका वाचाच.

कूगर म्हणजे बिबट्याच ना?

नाही. कूगर, प्यूमा, माउंटन लायन ही एकाच जनावराची नावं. शास्त्रीय नाव प्यूमा कॉनकलर. अंगाचा रंग एकसारखा तपकिरी-भुरा, ठिपके फक्त पिल्लांना. नर साधारण ५५ ते ७० किलोचा, मादी ३५ ते ५० किलोची. हा डरकाळी फोडत नाही, मांजरासारखा गुरगुरतो. वंशाच्या हिशेबाने तो बिबट्यापेक्षा चित्त्याला जवळचा. कॅनडातल्या युकॉनपासून दक्षिण अमेरिकेच्या पार दक्षिणेकडच्या अँडीजपर्यंत त्याचा वावर आहे.

याची शिकार खरंच कायदेशीर आहे?

काही राज्यांत आहे, काहींत नाही. कॅलिफोर्नियात १९९० च्या सार्वमतापासून हौशी शिकार बंद आहे. फ्लोरिडातला कूगर, ज्याला तिकडे पँथर म्हणतात, संकटग्रस्त म्हणून पूर्ण संरक्षित आहे. कोलोरॅडोत २०२४ च्या नोव्हेंबरात बंदीचा प्रस्ताव मतदारांसमोर आला आणि पडला. युटाने उलट २०२३ मध्ये वर्षभर शिकारीला मुभा दिली. वॉशिंग्टनमध्ये परवाना, ठरलेला हंगाम आणि कोणत्या भागात किती कूगर मारायचे याची मर्यादा आहे. त्या भागाची मर्यादा भरली की हंगाम मध्येच बंद होऊ शकतो, त्यामुळे आदल्या दिवशी चौकशी करून निघायचं.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे कूगर मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. त्याला उपद्रवी प्राण्यांच्या यादीतून काढून नियमांखाली आणलं ते साठ-सत्तरच्या दशकांत. कोलोरॅडोने १९६५ मध्ये, मोंटानाने १९७१ मध्ये.

पायीच का? कुत्रे घेऊन का जात नाहीत?

वॉशिंग्टनमध्ये १९९६ च्या सार्वमताने कूगरच्या हौशी शिकारीत कुत्रे वापरायला मनाई झाली. शेजारच्या ओरेगनने ती १९९४ मध्येच केली होती. आयडाहो, मोंटानामध्ये कुत्रे घेऊन शिकार अजून चालते. थिओडोर रूझवेल्टनेही १९०१ च्या हिवाळ्यात कोलोरॅडोत कूगर मारले ते वाटाड्याच्या कुत्र्यांमागे घोडा घालूनच.

कूगरला लांब पळण्याचा दम नसतो. कुत्रे मागे लागले की तो थोडं धावून झाडावर चढतो. मग शिकारी खाली उभा राहतो, दुर्बिणीतून नर की मादी बघतो, वय अजमावतो आणि नको असेल तर कुत्र्यांना बांधून परत फिरतो. पायी जाणाऱ्याला ही चैन नाही. त्याला कूगर दिसलाच तर झाडांमधून, अर्धवट आणि काही क्षण. कुत्रे क्रूर की पायी शिकार क्रूर, हा वाद इथे दर हिवाळ्यात रंगतो. माझं मत विचाराल तर झाडावर बसवलेल्या जनावरावर गोळी झाडण्यात मला मजा वाटत नाही. पण नर-मादी ओळखून निवड करायची तर कुत्रेवाल्याचं पारडं जड आहे, हे मान्य केलं पाहिजे.

बर्फच कशाला लागतो?

कारण बर्फाशिवाय माग नाही. कोरड्या जमिनीवर, पाइनच्या सुयांच्या थरावर कूगर गेला काय आणि न गेला काय, सारखंच. दुसरं कारण हरणांचं आहे. वर बर्फ साचला की म्यूल डियर आणि एल्क खालच्या उतारांवर उतरतात, विशेषतः दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर, जिथे उन्हाने गवत-झुडपं उघडी पडतात. कूगर त्यांच्या मागोमाग येतो. उन्हाळ्यात शेकडो चौरस किलोमीटरांत विखुरलेला हा कारभार हिवाळ्यात दोन-चार खोऱ्यांत गोळा होतो.

कूगरचा पहिला सखोल अभ्यास उभा राहिला तोही याच जोरावर. मॉरिस हॉर्नॉकर यांनी १९६४ मध्ये आयडाहोच्या दुर्गम डोंगरांत बिग क्रीकच्या खोऱ्यात काम सुरू केलं. सोबत विल्बर वाइल्स हा तिथलाच पारधी आणि त्याचे कुत्रे. हिवाळ्यामागून हिवाळे ते दोघे बर्फातून पायी माग काढत, कूगर झाडावर चढला की भुलीचं इंजेक्शन देत, वजन करत, खुणेचे बिल्ले लावत आणि सोडून देत. तेच जनावर पुन्हा पुन्हा पकडल्यावर कळलं की कूगर एकमेकांना टाळून आपापले इलाखे सांभाळतात आणि हरणं-एल्क संपवून टाकत नाहीत. १९७० मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला.

कोणत्या दिवशी निघायचं?

संध्याकाळी बर्फ पडायचा थांबला आणि रात्र निवांत गेली, की दुसऱ्या दिवशी पहाटे. पाटी कोरी असते आणि दिसणारा प्रत्येक माग त्या एका रात्रीतला असतो. पहाटेपर्यंत बर्फ पडत राहिला तर जनावरं फारशी हललेली नसतात आणि जुने माग बुजलेले असतात. एक दिवस थांबा. बर्फ पडून आठवडा झाला असेल तर हरणं, कायोटी (कोल्ह्यासारखं जनावर), ससे आणि स्नोमोबाइलवाले यांनी इतका चिखल केलेला असतो की त्यातून काही लावायचं म्हणजे डोक्याला ताप.

बहुतेक जण आधी जंगलखात्याच्या रस्त्यांवरून गाडी हळूहळू चालवत कडेचे माग बघतात. कूगरलाही खोल बर्फ तुडवण्यापेक्षा दाबलेला रस्ता आवडतो.

हा ठसा कूगरचाच, कुत्र्याचा नाही, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. "नखं दिसली तर कुत्रा, नाही दिसली तर मांजर" हे सगळ्यांना पाठ असतं आणि ते तेवढंसं पुरत नाही. टणक बर्फावर कुत्र्याची नखं उमटत नाहीत आणि घसरत्या उतारावर कूगरही नखं बाहेर काढतो.

तळपायाची मोठी मांसल गादी बघा. कूगरची मोठी गादी रुंद असते. तिच्या मागच्या कडेला तीन गोलसर उंचवटे आणि पुढच्या कडेला दोन. कुत्र्याची गादी त्रिकोणी आणि पुढे एकच टोक. मग बोटं बघा. मांजरकुळात एक बोट किंचित पुढे असतं, आपल्या हाताच्या मधल्या बोटासारखं, त्यामुळे ठसा डावा की उजवा हे सांगता येतं. कुत्र्याचा ठसा मधोमध दुमडला तर दोन्ही बाजू जुळतात. पुढच्या पंजाचा ठसा साधारण साडेसात ते नऊ सेंटिमीटर रुंद असतो आणि तो लांबीपेक्षा रुंदीला भरलेला वाटतो.

आता एका ठशावरून नजर उचलून पूर्ण माग बघा. खोल बर्फात कूगर मागचा पाय बरोबर पुढच्याच्या खड्ड्यात टाकतो, म्हणून चार पायांचं जनावर दोन पायांवर गेल्यासारखं दिसतं. खड्ड्यांच्या मधोमध कधी शेपटीची रेघ ओढलेली असते. पाळीव कुत्रा इकडे हुंगतो, तिकडे पळतो, परत येतो. कूगर कामाला निघालेल्या माणसासारखा सरळ जातो. पडलेल्या ओंडक्यावरून चालत जातो, कड्याच्या कपारीखालून जातो, वाकलेल्या फांद्यांखालून जातो जिथे तुम्हाला रांगावं लागेल.

सह्याद्रीत बिबट्याचे ठसे पाहिलेल्यांची नजर इथे लवकर बसते. पूर्वी आपल्या वनखात्यात प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचे काढून वाघ-बिबटे मोजत, नंतर कॅमेऱ्यांनी ती पद्धत मागे टाकली. चिखलातला ठसा बरेच दिवस टिकतो, बर्फातला तासागणिक बदलतो, एवढा फरक लक्षात ठेवा. दुपारच्या उन्हात कडा वितळून बॉबकॅटचा (छोट्या रानमांजराचा) पाच सेंटिमीटरचा ठसाही कूगरएवढा दिसायला लागतो. त्यामुळे उन्हातला ठसा मोजू नका. त्याच मागावर पुढे झाडाच्या सावलीत जाऊन मोजा.

माग किती ताजा आहे?

हातमोजा काढा आणि ठशाच्या तळाशी बोट लावा. ताज्या ठशाचा तळ रव्यासारखा सुटा लागतो. दाबलेला बर्फ काही तासांत आपोआप कडक होतो. थंडी असली की आणखी लवकर. मग बाजूच्या कोऱ्या बर्फात स्वतःची मूठ दाबा आणि दोन्ही कडांची तुलना करा. कूगरच्या ठशाची कड तुमच्या मुठीच्या खुणेइतकीच तीक्ष्ण असेल आणि पाय उचलताना उडालेले कण पृष्ठभागावर सुटे पडलेले असतील, तर जनावर फार लांब नाही. कडेवर दवाचे बारीक पिसासारखे स्फटिक उगवले असतील तर माग रात्रीचा. आत पाइनच्या सुया किंवा फांदीवरून गळलेले बर्फाचे गोळे असतील तर वारा कधी सुटला होता ते आठवा.

बर्फ किती वाजता थांबला हे आदल्या रात्री घड्याळात पाहून ठेवणं हे सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी साधन आहे. नवखे लोक नेमकं तेच विसरतात.

माग लागला. आता?

आधी ठरवा की जनावर प्रवासात आहे की शिकारीत. माग सरळ, एका लयीत, कडेकडेने डोंगर ओलांडत असेल तर तो प्रवासाला निघाला आहे. एका रात्रीत तो सहज दहा किलोमीटर आणि त्याहूनही जास्त काटतो. तुम्ही स्नोशूज (बर्फात पाय बुडू न देणाऱ्या रुंद चौकटी) घालून त्याला गाठणार नाही. नराचा माग बहुधा असा असतो. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, हेही डोक्यात असू द्या.

पण पावलं आखूड झाली, माग वळणं घेऊ लागला, मध्ये कुठे बसल्याचा, पोट टेकल्याचा ठसा दिसला, तर तो हरणांवर टपून होता. इथून चाल बदलायची. पायाखाली बघणं कमी, पुढे बघणं जास्त. मागावरून न चालता त्याच्या वाऱ्याखालच्या बाजूने, थोडं वरून समांतर जायचं. दहा पावलं, मग थांबून दुर्बीण. अख्खा कूगर शोधायला जाऊ नका. कान, शेपटीचं काळं टोक, बर्फावर न शोभणारी एक आडवी भुरी रेघ शोधा.

जनावर उठून गेलं तर पाठलाग करू नका. बसा, डबा खा. घाबरलेला कूगर थोडं अंतर जाऊन थांबतो आणि मागे वळून बघतो. अर्ध्या तासाने हळू निघालेल्याला संधी असते, धावत सुटलेल्याला नसते.

मारलेलं हरीण सापडलं तर?

यासारखी जागा नाही. प्रथम सहसा पक्षी कळवतात: एकाच जागी रेव्हन आणि मॅगपायांचा गोंगाट. जवळ गेलात की झटापटीची जागा, मग ओढत नेल्याचा रुंद पट्टा, कडेने रक्ताचे थेंब आणि हरणाच्या केसांची पुंजकी. कूगर खाण्यापूर्वी केस कातरून काढतो, त्यामुळे केस बाजूला पसरलेले असतात. फासळ्यांमागून पोट फोडून काळीज, यकृत, फुप्फुसं आधी खातो. उरलेल्यावर बर्फ, सुया, काटक्या ओढून ढीग करतो. मानेवर किंवा गळ्यावर सुळ्यांची खोल भोकं असतात.

अशा ढिगावर तो दोन-चार दिवस येत राहतो आणि दिवसा बहुतेक जवळच दाट झाडीत पडून असतो. म्हणजे तुम्ही ढिगाशी उभे असताना तो तुम्हाला बघत असण्याची शक्यता बरीच. ढीग उपसू नका, फोटोसाठी रेंगाळू नका. आलात त्याच वाटेने परत फिरा आणि वाऱ्याची बाजू धरून दुरून, वरून नजर ठेवा.

नर की मादी, कसं कळणार? आणि पिल्लं असतील तर?

मागावरून अंदाज येतो, खात्री नाही. मागच्या पंजाच्या मोठ्या गादीची रुंदी पाच सेंटिमीटरहून चांगलीच जास्त असेल तर नर असण्याची शक्यता वाढते. मोठी मादी आणि तरुण नर यांत मात्र भलेभले फसतात. जनावर समोर असेल तर नराच्या मागच्या बाजूला, शेपटीखाली दहा-बारा सेंटिमीटरवर, रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग दिसतो. मादीला तो नसतो. शेपटी खाली असली की हाही उपाय संपला.

ठिपकेवाली पिल्लं आणि त्यांच्या सोबतचं मोठं जनावर मारणं वॉशिंग्टनमध्ये गुन्हा आहे. पण कायद्यातलं "सोबत" आणि जंगलातली सोबत यांत अंतर असतं. पिल्लं वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षंही आईजवळ राहतात, त्यांच्या जन्माला ठरावीक ऋतू नाही, आणि शिकारीला जाताना आई त्यांना मागे ठेवून जाते. एकट्या मादीचा माग म्हणजे एकटी मादी नव्हे. म्हणून मला विचाराल तर नियम एकच: मादी असल्याची शंका आली की आधी माग उलटा चालत जा. तासभर मागे गेलं की कुठेतरी लहान ठसे येऊन मिळतात, किंवा मिळत नाहीत. मारलेल्या हरणापाशी तर ढिगाभोवतीचे सगळे ठसे मोजा. पिल्लं जेवायला तिथे आलेली असतात. उलटं चालण्यात दिवस जातो आणि शिकार हातची जाते, हे खरं. ज्याला ते परवडत नाही त्याने पायी कूगरच्या नादी लागू नये. कुत्रेवाल्याला झाडाखाली मिळतो तो वेळ पायी माणसाला फक्त मागातच मिळतो.

दुसरं काही चुकून मारलं जाऊ शकतं का?

हो, आणि ते महागात पडतं. उत्तर वॉशिंग्टनमध्ये लिंक्स हा रानमांजराचा प्रकार आहे आणि तो संरक्षित आहे. त्याचा ठसा कूगरएवढाच मोठा असतो, पण पंजाला दाट केस असल्याने गाद्या पुसट उमटतात आणि दहा किलोचं जनावर बर्फात बुडत नाही. मोठा, धूसर, उथळ ठसा दिसला की लिंक्स समजा आणि वाट सोडा. लांडग्याचा ठसा कूगरहून मोठा, लांबट, नखांचा. तोही राज्यात संरक्षित आहे.

आवाज काढून बोलावता येतो का?

येतो. हरणाच्या पाडसाच्या किंवा सशाच्या केविलवाण्या आवाजाची शिट्टी वापरतात. कायोटी दहा मिनिटांत येतो. कूगर तास लावतो आणि येतो तो मागून. एकट्याने हे करू नका, पाठीला मोठं झाड आणि दुसरा माणूस हवा.

बंदूक कोणती? मी एच-वन-बीवर आहे, चालेल का?

हरणासाठी चालते ती कोणतीही रायफल पुरते. कूगरची चामडी आणि हाडं जड नसतात.

व्हिसाचा प्रश्न अधिक गंभीर. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाला (एच-वन-बी त्यातलाच) बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हा त्याला एक अपवाद. शिवाय वॉशिंग्टनचे परदेशी नागरिकांसाठी स्वतःचे वेगळे नियम आहेत. मित्राची बंदूक "जरा धरून बघतो" म्हणण्यापूर्वीसुद्धा वकिलाला विचारा. इथली चूक थेट ग्रीन कार्डाच्या मुळावर येते. १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्यांना परवान्याआधी शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो.

मला मारायचं नाही, फक्त माग काढायचा आहे.

उत्तम. परवाना नको, बंदूक नको आणि माग उलटाच काढायचा, म्हणजे जनावराला त्रासही नाही. उलट्या मागावर रात्रभराची हकिगत वाचायला मिळते: कुठे बसला, कुठे हरणं हुकली, कुठे नराने मागच्या पायांनी उकरून खुणेची ढिगली केली. निव्वळ शिकण्यासाठी मी हेच सुचवतो. शिकारीच्या हंगामात भडक केशरी जाकीट मात्र घाला.

कूगर हल्ला करेल का?

वॉशिंग्टनच्या नोंदींत कूगरने माणूस मारल्याच्या दोनच घटना आहेत, १९२४ आणि २०१८ मधल्या. समोर आला तर पळू नका, पाठ फिरवू नका, हात वर करून मोठे दिसा, ओरडा. अंगावर आलाच तर लढा. वाकून ठसे मोजत बसलेला माणूस लहान दिसतो, म्हणून अधूनमधून उभं राहून मागे बघत जा.

खरी भीती बर्फाची. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर हिमलोट सुटतात आणि कूगरचा माग अशा उतारावरून बिनदिक्कत जातो. त्याचा भार सत्तर किलो, तुमचा सामानासह शंभर. हिमलोटाचा त्या दिवसाचा अंदाज वाचल्याशिवाय निघू नका. ट्रान्ससीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं उपकरण), बर्फात खुपसून शोधायची काठी आणि फावडं जवळ ठेवा, आणि ते वापरता येणारा सोबती. घाम येईल इतकं भरभर चढू नका. ओला बनियन घालून दुर्बीण लावून बसलेल्या माणसाला थंडी गाठायला तासही लागत नाही.

शिकार केली की वस्तीतला उपद्रव कमी होतो ना?

ऐकायला पटतं, पण इतकं सरळ नाही. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलं की जिथे जास्त शिकार झाली तिथे पुढच्या वर्षी कूगरबद्दलच्या तक्रारी आणि कूगरने पाळीव जनावरं मारल्याच्या घटना वाढलेल्या दिसल्या. त्यांचं स्पष्टीकरण असं: इलाखा सांभाळणारा मुरलेला नर गेला की बाहेरचे तरुण नर घुसतात आणि गोंधळ तेच घालतात. हे सगळ्यांना मान्य नाही. राज्याने मात्र त्या काळातल्या संशोधनावरून वर्षाला १४ टक्क्यांच्या नैसर्गिक वाढीचा हिशेब धरला आणि प्रत्येक भागातली शिकार तिथल्या कूगरांच्या १२ ते १६ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचं धोरण आखलं.

मांस खातात? आणि कातडं भारतात नेता येईल?

खातात. फिकट, डुकराच्या मांसाच्या वळणाचं असतं. त्यात ट्रिकिनेला नावाचे कृमी असू शकतात आणि त्यांच्या थंड प्रदेशातल्या जाती डीप फ्रीझरलाही दाद देत नाहीत, म्हणून आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापमान होईपर्यंत शिजवा. सोलताना हातमोजे हवेतच. २००७ मध्ये ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानातल्या एका जीवशास्त्रज्ञाचा मेलेल्या कूगरची चिरफाड केल्यानंतर प्लेगने मृत्यू झाला होता.

शिकार झाली की ठरलेल्या मुदतीत विभागाला कळवायचं, कातडं नर-मादी ओळखू येईल अशा पुराव्यासह दाखवून शिक्का मारून घ्यायचा. वय काढण्यासाठी ते एक दात घेतात. भारतात नेण्याचं म्हणाल तर कूगर साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही साइट्सच्या प्रजातींची वेगळी अनुसूची आहे. अमेरिकेचा निर्यात परवाना आणि भारताची आयात परवानगी हातात नसेल तर कातडं, दात, नखं यांतलं काहीही बॅगेत घालू नका.